दोनशे चाळीस ओळी

या, असे जवळ सरका. पाठीमागं बसलेल्यांनी पण पुढं या. कीर्तनात बुवा उत्तररंगाला आख्यान लावतात, तसं एक मी आज लावतो. यात राजा नाही, राक्षस नाही. निपाणीतली दोन दुकानं आहेत आणि माझ्या हातून घडलेलं एक पाप आहे.

साल सत्त्याऐंशी. स्टँडसमोर मारुतीरावांचं टीव्हीचं दुकान होतं. टीव्हीला जोडायचे खेळाचे डबे ते विकायचे. त्या डब्यात कंपनीचंच कार्टरिज, म्हणजे खेळ भरलेली वडी, चालायचं, दुसरं घातलं की पडदा काळा. डब्याच्या पाठीवर सील असायचं. ते तुटलं तर मारुतीराव दुरुस्तीला हात लावत नसत.

त्याच रस्त्याला धर्मराजचं रेडिओदुरुस्तीचं खोपटं होतं. त्यानं बेळगावातून एक जुना कॉम्प्युटर आणला होता, नुसती बटणांची पाटीच म्हणा. त्यावर कुणीही खेळ लिहावा, टेपरेकॉर्डर जोडून साध्या कॅसेटवर भरून ठेवावा. कोरी कॅसेट घेऊन येईल त्याला धर्मराज खेळ उतरवून द्यायचा. आमच्या भजनी मंडळात कीर्तनाच्या टेपा अशाच फिरायच्या, त्यामुळं मला त्याचं फार कौतुक.

मारुतीरावांना नव्हतं. एकदा माझ्यासमोरच खोपट्यात आले.

"धर्म्या, तू फुकट वाटत सुटलास तर माझ्याकडं कोण येणार रं?"

"तुमीबी वाटा की."

"कंपनी एजन्सी काढून घेईल माझी."

"मग ते दुकान कंपनीचं हाय. तुमचं न्हाय."

त्या दिवसापासून मारुतीरावांनी दुकानादुकानांत निरोप धाडला, याला सुटे भाग देऊ नका म्हणून. धर्मराज साध्या वायरीसाठी चिकोडीला जायला लागला.

पुढं हायस्कूलला पाच यंत्रं घ्यायची ठरली. मुख्याध्यापिका यशोदाबाईंनी दोघांनाही रविवारी दहाला बोलावलं. मारुतीरावांकडं गणिताचं कार्टरिज होतं. धर्मराजनं तीन महिने खपून बैलगाडीच्या शर्यतीचा खेळ लिहिला होता. पोरांनी नुसतं खेळू नये, खेळ उघडून बघावा, आपला लिहावा, एवढंच त्याला हवं होतं.

गुरुवारी आमच्या देवळात कीर्तन होतं. ते भरून घ्यायला धर्मराजचा टेपरेकॉर्डर मी मागून आणला. आत कॅसेट होती. लावून बघितली तर नुसती चिरचिर, कानठळ्या बसवणारी. मला वाटलं, टेप खराब झाली. मागं फिरवली आणि वर अख्खं कीर्तन भरलं. खेळ कॅसेटवर असाच ऐकू येतो, हे मला कुठलं ठाऊक?

रविवारी मारुतीरावांचा डबा झटक्यात चालू झाला. मग धर्मराजनं बटण दाबलं. पडद्यावर काही येईना. त्यानं वायर उपटली, तर टेपमधून टाळ वाजायला लागले.

"वा," मारुतीराव म्हणाले. "तू बुद्धाचा माणूस, आणि मशीनमधी विठोबा भरलास व्हय?"

सगळे हसले. धर्मराजनं माझ्याकडं बघितलं.

"मी भरलं ते," मी म्हणालो.

"मग तुमाला पुण्य लागलं आप्पा," मारुतीराव म्हणाले.

धर्मराजनं पिशवीतून वही काढली. त्याच खेळाच्या दोनशे चाळीस ओळी, हातानं लिहिलेल्या. त्या तो एकेक करून मशीनवर मारायला लागला. मी वही धरून वाचायला बसलो.

"आप्पा, स्वल्पविरामबी सोडू नका."

"अकराला कमिटी बसणार," यशोदाबाई म्हणाल्या, आणि पलीकडच्या खोलीत गेल्या.

अकराला आम्ही शंभराव्या ओळीवर होतो. सव्वाबाराला दोनशे दहाव्या. तेवढ्यात मारुतीराव सही झालेला कागद घडी घालत बाहेर आले. आम्हाला बघून थांबले, भिंतीपाशी गेले आणि प्लग ओढला.

"शाळेची लाईट हाय ही. बापाची न्हाय."

पडदा विझला, सगळं पुसलं गेलं. मी उठून त्यांच्या अंगावर धावलो. धर्मराजनं माझं धोतर धरून खाली बसवलं.

"वही हाय न्हवं? चला खोपट्याकडं. पहिल्या ओळीपास्नं वाचा."

संध्याकाळी त्याच्या खोपट्यात बैलगाडी पळाली. बघायला आम्ही दोघंच.

दुसऱ्या वर्षी कंपनीनं कार्टरिजचा आकार बदलला. नवं जुन्या डब्यात बसेना, शाळेचे पाचही डबे कपाटात गेले. मारुतीराव नवे घ्या म्हणून सांगायला गेले, तर यशोदाबाईंनी त्यांना पायरी चढू दिली नाही. मला बरं वाटलं. देवापुढं बसणाऱ्या माणसाला असं बरं वाटू नये, पण वाटलं.

धर्मराजनं मात्र त्या ओळी मोठ्या अक्षरांत लिहून खोपट्याच्या दारावर चिकटवल्या. ज्याला हव्यात त्यानं उतरून घ्याव्यात. माझ्यावर तो एकदाही रागावला नाही. आता तो नाही.

तर मायबापहो, माझं नाव विसरलात तरी चालेल. कुणी तुम्हाला आपल्याजवळचं काही मोकळ्या हातानं उतरवून दिलं, तर त्या घडीला निपाणीच्या धर्मराजची आठवण काढा.