स्तामेनचा होकार

पक्षाघाताने स्तामेनची वाचा नेली, उजवा हात नेला आणि मागे ठेवली ती फक्त मान. तीस वर्षं बस चालवताना रस्त्यातल्या प्रत्येक गाढवाला नावानिशी शिव्या घालणारा हा माणूस आता कुणी काही विचारलं तरच मान हलवून उत्तर द्यायचा. न विचारता काही सांगायची सोय उरली नव्हती.

त्याची मुलगी नेव्हेना सेव्लिएव्होच्या शिवणकारखान्यात शर्टांना बाह्या जोडायची. दोन महिने बिनपगारी रजा झाल्यावर मुकादमबाईंनी स्पष्टच सांगितलं, सोमवारी मशीनवर बसायचं नाहीतर परत यायचंच नाही. म्हाताऱ्यापाशी दिवसभर थांबेल अशी बाई अख्ख्या गावात मिळेना. ज्या धडधाकट होत्या त्या केव्हाच इटलीला दुसऱ्यांचे म्हातारे सांभाळायला निघून गेल्या होत्या.

मग घरात 'ग्रिझा' आली. म्हणजे साखरेच्या बरणीला टेकवून ठेवलेला एक टॅब्लेट. दर दोन तासांनी तो बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात, स्वच्छ बल्गेरियनमध्ये स्तामेनला प्रश्न विचारायचा, त्याच्या मानेकडे बघून उत्तर ओळखायचा आणि नेव्हेनाच्या फोनवर टिपण धाडायचा. जेवण: झालं. वेदना: नाहीत. मुलीला बोलावू का: नको. पहिलं टिपण वाचून नेव्हेनाला कारखान्याच्या जिन्यातच रडू फुटलं. किती दिवसांनी कुणीतरी तिचं अर्धं ओझं उचललं होतं. आणि ही बाई न थकता, न चिडता विचारायची. नेव्हेना चिडायची, आणि त्याची तिला लाज वाटायची.

थोडं इकडचं तिकडे व्हायचं. टिपणात जेवण झालेलं असायचं आणि घरी घेवड्याचं सूप वाडग्यात तसंच, वर साय धरून. नेव्हेना मग बापावर खेकसायची, "ताते, जेवलो म्हणून बाईसाहेबांना थापा मारता होय? तिला गंडवाल, मला नाही." स्तामेन डोळे वटारायचा, डाव्या हाताने टेबल बडवायचा. जन्माचा हट्टी माणूस, तेव्हा खोटं त्याचंच, असं तिने ठरवून टाकलं. एका संध्याकाळी त्याने छातीवर मूठ ठोकून दाखवली. त्या बाजूच्या खिशात पूर्वी सिगारेटचं पाकीट असायचं.

"सिगारेट नाही मिळणार," ती म्हणाली आणि भांडी घासायला वळली. दुखतंय का, हे तिने विचारलं नाही. ते तर दिवसातून पाचदा विचारलं जातच होतं.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवरची गिन्का चीज भरलेल्या बानित्साचा तुकडा घेऊन तिच्याजवळ येऊन बसली. गिन्काला दुसऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय अन्न पचत नसे.

"बघू तरी तुझी ती बाईसाहेब. म्हातारा तिच्याशी सूत जुळवून बसला नाही ना?"

"जुळवू दे की. मी सुटेन!"

टिपण ताजं होतं, साडेअकराचं. वेदना: नाहीत. मुलीला बोलावू का: नको. मनःस्थिती: उत्साही. त्याखाली व्हिडिओ होता. तीन आठवड्यांत नेव्हेनाने एकही व्हिडिओ उघडला नव्हता. टिपण हाताशी असताना एवढा वेळ कुणाला आहे? गिन्काने तेलकट बोटानेच तो लावला.

स्तामेन खुर्चीत बसला होता. तोंड पिठासारखं पांढरं, कपाळावर घाम. "छातीत दुखतंय का?" आवाजाने विचारलं. स्तामेनने मान डावीकडून उजवीकडे हलवली, सावकाश आणि ठाम. "छान! दुखत नाहीये हे ऐकून बरं वाटलं." त्याने पुन्हा हलवली, जोराने. "मुलीला बोलावू का?" मान डावी-उजवी, डावी-उजवी होत राहिली, थांबेचना. "ठीक आहे, नको बोलवायला. आज तुम्ही अगदी उत्साहात दिसता!"

गिन्काचा घास तोंडातच राहिला. "अगं नेव्हेना, तो हो म्हणतोय."

आमच्याकडे, बल्गेरियात, हो म्हणताना मान आडवी हलते आणि नाही म्हणायचं तर ती वरखाली होते. हे कुणी शिकवत नाही, आईच्या कडेवरच ते अंगात येतं. बाईसाहेबांच्या तोंडात भाषा आमची घातली होती, नजर मात्र बाकीच्या जगाची. आणि नेव्हेनाला ही शंका एकदाही आली नाही, कारण उलटं जे असतं ते जगाचं असतं, आपलं कधीच नसतं. आता तीन आठवड्यांचं एकेक टिपण तिच्या डोक्यात उलटं होऊ लागलं. जेवला नव्हता. तहान लागली होती. दुखत होतं. मुलीला बोलवा, मुलीला बोलवा.

तिने एकशे बारा फिरवला. पलीकडची बाई शांतपणे विचारत होती, "वेदना आहेत की नाहीत?"

"टिपणात नाहीत, पण आहेत! मान उलटी वाचली हो त्या मशीनने!"

"बाई, तुम्ही स्वतः पेशंटजवळ आहात का?"

"नाही! तेच तर! गाडी पाठवा आधी, मग काय ते विचारा!"

टॅक्सीत बसते न बसते तोच फोन वाजला. दीडचं नवं टिपण. वेदना: होय. मुलीला बोलावू का: होय. तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच. ही तर उलटं वाचते. म्हणजे आत्ता ताते नाही म्हणाले. छातीचं असलं दुखणं एकदम थांबतं ते कशाने? त्यापुढचा विचार तिने केलाच नाही. "दामटा हो जरा, हात जोडते," एवढंच ती चालकाला पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

ती पोचली तेव्हा रुग्णवाहिका दारात उभीच होती. तिने कुलूप उघडलं आणि गाडीतली माणसं तिच्या मागोमाग आत शिरली. आत स्तामेन जिवंत होता, धापा टाकत होता. तरणा डॉक्टर त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसला.

"द्यादो, आजोबा, हे दुखणं जुनं आहे का?"

स्तामेनची मान वरखाली झाली.

"नाही म्हणतायत," डॉक्टर सोबतच्या नर्सला म्हणाला. "म्हणजे आजचंच. तर्नोव्होच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं, हृदयाच्या शिरा उघडायला. जुनं असतं तर तासाभराचा रस्ता या हृदयाला झेपला नसता, इथल्याच इस्पितळात ठेवलं असतं. चला, उचला."

नेव्हेना बापाकडे बघत होती. बापाची नजर डॉक्टरवर नव्हती, टॅब्लेटवर होती. ते दुसरं टिपण बरोबर होतं. कुणीच ऐकत नाही म्हटल्यावर या हट्टी माणसाने, छातीत कळा येत असताना, बाईसाहेबांची मान शिकून घेतली होती.

"थांबा!" ती ओरडली. "ते नाही म्हणत नसतील!"

"अहो, मी डोळ्यांनी पाहिलं."

"ते मशीनसाठी उलटं शिकलेत. आत्ताची मान कुणासाठी होती, मला कळत नाही. मी त्यांची मुलगी, आणि मला कळत नाही हो!"

तिने टॅब्लेट पालथा घातला आणि त्याचा डावा हात हातात घेतला.

"ताते, इकडे बघा. मान नको. हो असेल तर हात दाबा. मी नेव्हेना ना?"

त्याने हात दाबला.

"हे आज सुरू झालं?"

हात नुसता पडून राहिला. ती वाट पाहत राहिली.

"जुनं आहे?"

दाबला.

"मी कामावर जायला लागले, तेव्हापासून?"

त्याने इतका जोराने दाबला की तिची बोटं कळवळली.

"इथल्याच इस्पितळात न्यायचं," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाला. "बाई, हात सोडा आता."

"मी नाही धरलेला," नेव्हेना म्हणाली.

तो हात तसाच ठेवून त्यांनी स्ट्रेचर गाडीत चढवलं. तीन आठवडे तिने त्याला काही विचारलं नव्हतं, आता ती थांबायला तयार नव्हती. ताते, आहात ना? हात दाबला जायचा. ताते, आहात ना? पुन्हा दाबला जायचा. इस्पितळाच्या फाटकाशी गाडी वळली, तिने विचारलं आणि या वेळी उत्तर यायला वेळ लागला.