चारशे ग्रॅम आणि सहा आरसे

ताईने पिशवीतून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढून लेन्सच्या दुकानातल्या काचेच्या काउंटरवर ठेवला, तेव्हा दुकानदाराने आधी काट्याकडे पाहिलं, मग ताईकडे, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या चिमणीकडे.

चिमणी म्हणजे ताईची धाकटी बहीण. चिमणी हे नुसतं म्हणायला. ती आत आली आणि दुकानात जागाच उरली नाही.

"पिठाचा काटा आहे," चिमणी म्हणाली. "घाबरू नका. हिचा खांदा आखडलाय. डॉक्टरांनी उजव्या हाताला किलोच्या वर काही द्यायचं नाही म्हणून बजावलंय. कॅमेराच अर्ध्या किलोचा. आता राहिलं किती, ते तुम्हीच सांगा."

दुकानदाराने तरीही सगळ्यात आधी काढली ती काळीभोर, पितळी पायाची, तांब्याएवढी लेन्स. अंधारातही दिवसासारखं दिसेल, म्हणाला. ताईने ती काट्यावर ठेवली. आकडा चढत चढत गेला आणि किलोला टेकला.

"अशीच होती माझी," ताई म्हणाली. "हिनेच खाल्ला माझा खांदा."

तीस वर्षं ताईने खोल्यांचे फोटो काढले होते. घरं, दुकानं, जिने, सभागृहं. भिंतींना पाठ लावून लावून तिच्या साड्यांना कायम चुना असायचा. मग वर्षापूर्वी हात रुसला, तो रुसलाच. कॅमेरा कपाटात गेला, आणि ताई कपाटाकडे पाठ करून बसायला शिकली. शेवटी चिमणीनेच गिऱ्हाईक शोधलं. रविवारी माणूस येऊन सगळं सामान घेऊन जाणार होता. तेवढ्यात ओळखीच्या सलूनवाल्यांचा एका फोटोसाठी फोन आला, आणि बहिणींचं ठरलं ते असं: हा एक फोटो ताईने स्वतःच्या हाताने काढायचा. तिपाई नाही, कुणी कॅमेरा धरायचा नाही. जमला तर सामान राहील, नाहीतर रविवार.

"हलकी आहे एक," दुकानदार जरा ओशाळून म्हणाला. "पण प्लास्टिकची आहे. उजेड थोडा कमी घेते. मोठे लोक घेत नाहीत."

त्याने खालच्या खणातून काढलेली लेन्स दिसायलाही ऐटबाज नव्हती. ताईने काट्यावर ठेवली. चारशेला दोन कमी. ताईने पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मग कॅमेऱ्याला चढवली आणि डोळ्याला लावली, आणि वर्षभर बंद असलेलं दुकान उघडावं तसं सगळं समोर आलं: डावी भिंत, उजवी भिंत, छताचा पंखा, स्वतःच्या चपलांची टोकं. लेन्सचं कडं फिरवलं, तर दुकान आवळून पुढे आलं. उलटं फिरवलं, पुन्हा पसरलं. जवळ, लांब. जवळ, लांब. ताईला हसू फुटलं.

"काय दिसतंय?" चिमणी.

"सगळं गं. सगळंच्या सगळं."

तिने खटकन एक फोटो काढून दाखवला. कडेला उभ्या दुकानदाराचं पोट फोटोच्या काठाकडे असं ओढलं गेलं होतं, की त्याने नकळत श्वास आत घेतला.

"काठावरचा माणूस ताणला जातो," ताई त्याची समजूत काढत म्हणाली. "रुंद लेन्सचा स्वभावच तो. तुमचं काही नाही त्यात."

"थोडं आहे," चिमणी म्हणाली.

सलून म्हणजे एक लांबट, अरुंद खोली. डाव्या भिंतीला तीन आरसे, उजव्या भिंतीला तीन, मध्ये लोखंडी पायांच्या तीन खुर्च्या. तीन भाऊ तीन खुर्च्या चालवायचे. थोरला गोल, मधला गोलाच्या वाटेवर, आणि शेवटच्याला सगळे काडी म्हणत. त्यांचे वडील, आबा, आता केस कापत नसत. कोण चुकतंय एवढं बघत. उद्या सकाळी गवंडी येऊन आरसे उतरवणार होते, खुर्च्या भंगारात जाणार होत्या. त्याआधी आबांना एकच फोटो हवा होता. तिन्ही खुर्च्या, सहाही आरसे, चारही माणसं.

"आधीचा फोटोवाला म्हणाला, दोन काढतो आणि जोडतो," आबा म्हणाले. "मी म्हटलं, जोडायला आम्ही काय फाटलोय?"

ताई दारात उभी राहिली. लेन्स पूर्ण रुंद केली. सगळे मावले. थोरला दाराजवळ, म्हणजे काठावर. फोटो पाहून त्याने पोटावर हात ठेवला.

"हा मी?"

"दोन तू," मधला म्हणाला.

"खाणं कमी केलंय मी महिनाभर."

"लेन्सला कळवलं नाहीस."

ताईने काडीला काठावर आणलं आणि थोरल्याला मध्यावर. पुन्हा खटक. काडी फोटोत पाहतो तो काय, त्याला खांदे आले होते. छाती आली होती. त्याने फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. "ताई," तो हळूच म्हणाला, "मला इथंच ठेवा. इथून मी हलणार नाही."

पण घोटाळा वेगळाच होता. दारातून काढला की जवळच्या खुर्चीची पाठ एवढी मोठी व्हायची, की तिच्यामागे आबा नुसते टोपीएवढे उरायचे. रुंद लेन्स जवळच्याचा डोंगर करते आणि लांबच्याचा तीळ. उंचावरून काढायला हवा होता. हाताखाली जे मिळालं ते म्हणजे बेसिनजवळचं एक स्टूल, आणि स्टुलावर उभं राहूनही कॅमेरा डोक्याच्या थोडा वर धरायला हवा होता.

सगळ्यांनी ताईच्या खांद्याकडे पाहिलं. चिमणीने स्टूल ओढून आणलं. मग न राहवून गुणगुणली:

"हात बसला रुसून, खांद्याच्या आडोशाला,
कुणी जा गं समजवा, त्या वेड्या पाहुण्याला."

"तूच जा," ताई म्हणाली, आणि स्टुलावर चढली.

तिने कॅमेऱ्याचा पडदा खाली कलता केला. डावा हात लेन्सखाली धरून वर नेला. तो शहाणा, निमूट गेला. उजवा कानापर्यंत आला आणि अडला. खटक. फोटोत सलून एका बाजूला कलंडलेलं, आणि चारही माणसं पुरात होडीत उभी असावीत तशी.

"आपण बुडतोय का?" मधल्याने विचारलं.

"पुन्हा," ताई म्हणाली. पुन्हा तसंच. तिच्या कपाळावर घाम आला. चारशे ग्रॅमचं काही नव्हतं. हातालाच आठवत नव्हतं, वर कसं जायचं ते. वर्षभर तिने त्याला सांभाळून सांभाळून इतकं घाबरवलं होतं, की तो आता तिचंही ऐकत नव्हता.

"ताई," आबा खालून म्हणाले, "त्या आरशात कोण आहे?"

ताईने पडद्यावर पाहिलं. सहा आरशांत ती होती. स्टुलावर उभी, पदर खोचलेला, तोंड वेंगाडलेलं. एकीमागे एक, लहान लहान होत गेलेल्या पंधरावीस ताया. तीस वर्षांत तिने एकाही फोटोत स्वतःची सावलीही येऊ दिली नव्हती. ती डावीकडे सरकली. सगळ्या ताया सरकल्या. वाकली. सगळ्या वाकल्या.

"लपा, लपा," काडी म्हणाला. "डावीकडून चौथी अजून दिसतेय."

"तिला सांग ना," चिमणी म्हणाली, "बाकीच्या ऐकतायत."

आधी थोरला हसला. मग ते हसू खुर्च्याखुर्च्यांतून फिरत आबांपर्यंत गेलं आणि आबांना ठसका लागला. ताईच्या पोटातून हसू उसळलं, स्टूल डगमगलं, चिमणीने धावत येऊन दोन्ही हातांनी स्टुलाचे पाय पकडले, कॅमेऱ्याला मात्र बोट लावलं नाही. आणि त्या हसण्यात, लक्ष नसताना, उजवा हात कानाला ओलांडून चार बोटं वर गेला. कळ आली. येऊ दे. पडद्यावर भिंती हळूहळू उभ्या राहिल्या, आरसे सरळ झाले, आणि जवळच्या खुर्चीमागून आबा सगळेच्या सगळे वर आले, टोपीपासून चपलांपर्यंत, ठसका आवरत.

खटक.

फोटोभोवती सगळे गोळा झाले. जो तो आपल्याला शोधत होता. काडी छाती बघत होता. थोरला समाधानाने एकच होता. आबांनी तिन्ही खुर्च्या बोटाने मोजल्या, मग आरसे मोजले, मग पुन्हा खुर्च्या.

"जोडलेला नाही," ते म्हणाले, आणि टोपी काढून डोकं पुसलं.

"आरशातल्या तुम्ही तेवढ्या कॉम्प्युटरवर पुसता येतील ना?" मधल्याने विचारलं.

ताईने पाहिलं. पंधरावीस बायका, सगळ्यांचा उजवा हात वर.

"येतील," ती म्हणाली. "पुसणार नाही."

चिमणीने पर्समधून फोन काढला आणि दाराबाहेर गेली. आत तिचा आवाज ऐकू येत होता.

"नाही हो, रविवारी येऊ नका. नाही विकायचं. किमतीचा प्रश्न नाही. वापरतेय ती. आत्ता, हो. स्टुलावर उभी आहे. काम झालंय, तरी उतरायचं नाव घेत नाही."