पांढऱ्या शर्टाची पैज

बाथरूमच्या दारातलं जाड रबरी पायपुसणं तिने फरशीवर पसरलं, गुडघ्याने दाबून धरलं आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापायला घेतलं. कात्रीची धार जाईल म्हणून सासूबाई कुरकुरल्या. पण दुसरं टोक ओढून धरलं होतं ते त्यांनीच.

नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून तिने कितीतरी घाट ओलांडले होते, आणि दर ओल्या रस्त्यावर मागच्या चाकाने तिच्या कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा ओढला होता. गाडीचं मडगार्ड दिसायला झोकदार, कामाला शून्य. मुक्कामाला पोचलं की त्यांच्या मोटारसायकलवाल्यांच्या ग्रुपचा दाढीवाला कॅप्टन हात जोडून म्हणायचा, "या, चिखलवहिनी!" सगळे हसायचे. नवराही हसायचा. त्याला काय जातंय हसायला, पुढे बसून तो कोराच्या कोरा! तीही हसायची, आणि आतून तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

गाडी तिलाही येत होती. लग्नाआधी वडिलांची मोटारसायकल तिने गावभर पिदडली होती. पण हँडल मागितलं की नवऱ्याचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या वेळी. आज रस्ता ओला आहे."

या वेळी तिने पैजच लावली.

"माझी पाठ स्वच्छ राहिली, तर परतीला गाडी मी चालवणार."

"आणि नाही राहिली तर?"

"तर पुन्हा हँडलचं नाव काढणार नाही. कधीच."

तो इतका निर्धास्त होता की त्याने कपाटातून स्वतःचा आवडता पांढरा शर्ट काढून तिच्या हातात दिला.

"जॅकेटवर हा घाल. म्हणजे नंतर वाद नको."

पायपुसण्यातून कापलेली पहिली पट्टी तिने गाडी स्टँडवर लावून मागच्या मडगार्डखाली बसवली. चाक आणि रबर यांत दोन बोटांची जागा सोडली, नट आवळले आणि दोघं चक्कर मारायला निघाले. कोपऱ्यावरच्या खड्ड्यातच जळक्या रबराचा वास आला. पट्टीचा खालचा भाग चाकाने खाऊन टाकला होता.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

ती रडकुंडीला आली. घरी आल्यावर बराच वेळ नुसती गाडीकडे बघत राहिली. मग गाडी स्टँडवरून उतरवून तिच्यावर बसली, उतरली, पुन्हा बसली. प्रत्येक वेळी गाडीचा मागचा भाग खाली दबत होता.

"अगं बाई! डोकं कुठे गहाण ठेवलं होतं मी?" ती ओरडली. "स्टँडवर कुणी प्रवास करतं का!"

मग तिने नवऱ्याला हाक मारली, दोन्ही बॅगा गच्च भरून गाडीला लटकवल्या, त्याला पुढे बसवलं, स्वतः मागे बसली आणि सासूबाईंना चाकाशी वाकायला लावलं.

"दोघांनी मिळून गाडी पार बसवलीत की रे," सासूबाई म्हणाल्या. "बोट शिरेल तर शपथ."

उरलेल्या पायपुसण्यातून दुसरी पट्टी निघाली. भिंतीवरच्या जुन्या फळीच्या लोखंडी पट्ट्या जोडून तिने ती आणखी मागे आणि खाली नेली.

निघाले त्या दिवशी पाऊस थांबला होता, पण ट्रकांनी रस्त्याचा नुसता राडा केला होता. खालून चिखलाचे सपकारे ऐकू येत होते. ते पट्टीवर बसतायत की पाठीवर, हे तिला कळायला मार्ग नव्हता. मागे हात लावून बघायचा तिला धीर झाला नाही.

मुक्कामाच्या आवारात गाडी थांबली. ती उतरली आणि सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली. कुणी हसलं नाही. कॅप्टन जवळ आला, वाकला, पुन्हा सरळ झाला.

"वहिनी," तो म्हणाला. नुसतं वहिनी. "एक ठिपका नाही हो!"

तिने आहे तिथेच उडी मारली. चांगली मोठी बाई, पण मारली उडी! हेल्मेट हवेत फेकलं आणि झेललंसुद्धा.

"पट्टी मिळते कुठे ही?" कॅप्टनने विचारलं.

"आमच्या बाथरूमच्या दारात!"

परतीच्या सकाळी रस्ता तसाच ओला होता. तिने नवऱ्यापुढे तळहात पसरला. त्याने ओल्या रस्त्याकडे पाहिलं आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. तिने अंगातला पांढरा शर्ट काढून त्याला दिला.

"घाला. म्हणजे नंतर वाद नको."

त्याने तो जॅकेटवर चढवला, बटणं लावली. ती पुढे बसली, इंजिन सुरू केलं. तो मात्र बसला नाही. सीटखालचा पाना काढून तो मागच्या चाकाशी गेला, चिखलात गुडघे टेकले आणि पट्टीचा एकेक नट आवळू लागला. शेवटचा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

तिने आरशात पाहिलं आणि हेल्मेटचा पट्टा सावकाश लावला. तिला काही घाई नव्हती.