धावदोऱ्याच्या पट्ट्या

"ओवताना श्वास धरायचा. हात आपोआप थांबतो. आणि ओवून झालं की सोडायला विसरायचं नाही, नाहीतर दोरा सुईत आणि पोरगी जमिनीवर."

थोरली सात वर्षांची असताना बाबांनी हे सांगितलं होतं. आज ती एकोणचाळीस वर्षांची होती, बाबांचं शिवणकामाचं दुकान तीच चालवत होती, आणि श्वास धरायला ती एकदाही चुकली नव्हती. सोडायला मात्र अलीकडे विसरायची.

रोज सकाळी दुकानाचं शटर वर करण्याआधी ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसे. दोन बोटं रुंद, वीतभर लांब अशी पांढऱ्या कापडाची पट्टी घ्यायची, मनात देवाचं नाव घ्यायचं आणि काळ्या दोऱ्यानं एक सरळ धावदोरा घालायचा. पेन्सिलीनं तारीख टाकायची, भिंगातून टाके बघायचे, पट्टी पत्र्याच्या डब्यात ठेवायची. मग दिवस सुरू. आजारपणात, प्रवासात, एकदा तर दाढ काढलेल्या दिवशी सुजलेल्या गालानंसुद्धा तिनं हा नेम मोडला नव्हता. कोणी विचारलं तर म्हणे, "हात बसलेला राहतो."

खरं कारण दुसऱ्या डब्यात होतं.

बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली होती. कापायच्या टेबलाखालचा खण आवरताना तिला तो डबा सापडला होता. आत अशाच पट्ट्या, बाबांच्या अक्षरात तारखा घातलेल्या. पहिल्या वर्षीचे टाके एकसारखे, मापून ठेवल्यासारखे. दुसऱ्या वर्षी मधेच एखादा टाका लांब. तिसऱ्या वर्षी ओळ डावीकडे सरकलेली. शेवटची पट्टी म्हणजे नुसता गुंता होता, आणि त्यावर सुई टोचल्याचा तपकिरी ठिपका. त्या सगळ्या काळात बाबा घरात एकच सांगत होते, "डोळे थकलेत, दुसरं काही नाही." हात झटके देऊ लागले, चालणं भेलकांडू लागलं, शब्द तोंडात अडकू लागले, तेव्हा कुठे डॉक्टरांनी नाव सांगितलं. मेंदूचा आजार. आईबापांकडून मुलांत उतरणारा. औषधानं त्रास कमी होतो, आजार जात नाही.

आणि उतरणार कुणात, हे घरात न बोलताच ठरून गेलं होतं.

शिंप्याचं घर ते. दर वाढदिवसाला बाबा दोघी मुलींची मापं घेऊन वहीत लिहीत. धाकटी आईच्या अंगकाठीची, बुटकी, मनगटं बांगडीसारखी बारीक. थोरलीचा मात्र खांदा, बाही, मनगट, सगळं बाबांचं. उजवा खांदा अर्धा इंच उतरता, तोसुद्धा तसाच. "माझाच कोट हिला घालायचा," बाबा हसून म्हणत, "फक्त गुंड्यांची बाजू बदलायची." लहानपणी ती या वाक्यावर फुलून जायची. आता तेच वाक्य तिला नकोसं झालं होतं. जिनं बाबांचं माप उचललं तिनं आजारही उचलला असणार, यात तिला शंकाच उरली नव्हती.

धाकटी बसच्या आगारात गाड्यांची वेळापत्रकं लावायची. रविवारी दुपारी ती दुकानात आली, दाराच्या पायरीवर पाय चुकला, दोन्ही हातांनी चौकट धरली आणि स्वतःच खदखदून हसली.

"बघ, वर्षानुवर्षं येतेय आणि पायरी अजून ओळख देत नाही."

"सावकाश ये ना गं. कसली घाई?"

"घाईच आहे." ती स्टुलावर बसली. खडूचा तुकडा उचलून बोटांत फिरवू लागली. "ताई, आम्हाला मूल हवंय. आता नाही तर मग कधी? पण तुझा निकाल आला की ठरवू म्हटलं."

थोरलीनं बाबांच्या आजाराच्या तपासणीसाठी महिन्यापूर्वी रक्त दिलं होतं. "माझ्या निकालावरून तुझं कसं ठरणार?"

"सोपा हिशोब आहे. तुझ्या त्या समुपदेशक बाई म्हणाल्या ना, शक्यता पन्नास टक्के? आपण किती? दोघी. म्हणजे एकीला." बोलता बोलता तिचं हसू विझलं. "ए, मी काय बोलतेय हे. तुला व्हावा असं नाही गं म्हणत."

"कळलं मला."

"तपासणी करून घ्यायची माझी छाती नाही. बाबांचं ते शेवटचं वर्ष आठवतं आणि हातपाय गळतात. तुझं कळलं की माझंही कळेल." तिनं खडू ठेवला. "एक वचन दे. कळेल त्याच दिवशी सांगायचं. समोर येऊन. फोनवर नाही. आणि मला वाईट वाटेल म्हणून गोलमाल करायचं नाही. बाबांसारखं डोळे थकलेत म्हणायचं नाही."

"दिलं."

धाकटी गेल्यावर थोरलीला वाटलं, चला, निदान एवढं तरी बरं. मला असणार म्हणजे तिला नसणार. या भयंकर विचाराच्या आधारानं तिनं पुढचे दिवस काढले. कात्री हातातून निसटली तर ती कात्रीकडे बघत राही. एका मंगळवारी पट्टीत नववा टाका वाकडा गेला, तेव्हा ती अशी किंचाळली की त्या दिवशी लवकर आलेल्या, काजं करणाऱ्या मावशींनी मान वर केली.

"काय गं, पाल पडली की काय अंगावर?"

"नाही मावशी. सुई टोचली."

"सुईला घाबरणारी शिंपीण पहिल्यांदा बघितली," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा काजात डोकं घातलं.

निकालाच्या दिवशी तिनं धाकटीला तारीखच कळवली नाही, मावशींना बँकेत जाते म्हणून सांगितलं. दवाखान्याचा व्हरांडा लांबलचक होता, भिंती अर्ध्यापर्यंत हिरव्या, बाकं बसताना गार लागणारी. एका दाराआड कुणीतरी खोकत होतं. ती स्वतःचे हात मांडीवर पालथे ठेवून बघत बसली. डाव्या करंगळीनं किंचित उडी मारली. तिनं ती उजव्या मुठीत घट्ट दाबून धरली.

समुपदेशक बाई साठीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. "एकट्याच? बरोबर कुणाला आणा म्हटलं होतं ना मी?"

"बहीण कामावर आहे."

बाईंनी पाकीट उघडलं आणि वेळ न लावता सांगितलं, "तुमच्यात तो दोष नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी बादली आपटली. थोरलीच्या तोंडून आलं, "म्हणजे तिला आहे."

"कुणाला?"

"धाकटीला. दोघींतल्या एकीला असणारच ना? पन्नास टक्के, तुम्हीच म्हणाला होता."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या खुर्ची तिच्या बाजूला ओढून बसल्या. "चूक माझी. मी आकडा सांगितला आणि तुम्हाला समजलं असं धरून चालले. तुमच्याच कामातलं सांगते. तुमच्याकडे कपडा बेतायचे कागदी खाके असतात ना, खुंटीला टांगलेले?"

"असतात."

"शरीर बनवायच्या खाक्यांच्या प्रत्येकाजवळ दोन-दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. तुमच्या वडिलांजवळ या एका खाक्याची एक प्रत नीट होती, एक चुकलेली. मूल होताना डोळे मिटून त्यातली एक हाती येते, तिची नक्कल मुलाला मिळते. तुमच्या वेळी नीट प्रत हाती आली. पण नक्कल काढली म्हणून मूळ कागद संपला का?"

"नाही. तो खुंटीलाच."

"दोन्ही खुंटीलाच. तुमच्या बहिणीच्या वेळी पुन्हा डोळे मिटून, पुन्हा दोनातली एक. तुमच्या वेळी काय आलं, हे त्या खुंटीला ठाऊकही नसतं. तिची शक्यता काल अर्धी होती, आजही अर्धीच आहे. दोघींना असू शकला असता. दोघींना नसूही शकतो."

"पण माप?" थोरली पुढे वाकली. "मी सगळी बाबांच्या मापाची. ती आईची."

"खांद्याचे खाके निराळे, मनगटाचे निराळे, आणि तेही एकेक नाही, ढीगभर. बाही वडिलांच्या खाक्यावर बेतली म्हणून अस्तरही त्यांचंच येतं असं कुठं आहे? चेहऱ्यावरून, मापावरून हा आजार ओळखताच येत नाही."

थोरलीनं खूप दिवस मनात ठेवलेलं विचारलं. "चूक जन्मापासून होती, तर बाबा चाळीस वर्षं इतकं सुरेख कसं शिवत होते?"

"सगळे खाके प्रत्येक पेशीत असतात, पण प्रत्येक पेशी सगळे उघडत नाही. डोळ्याची पेशी आपल्या कामाचे उघडते, कातडीची आपल्या. बाकीचे गुंडाळलेले राहतात. हा खाका मात्र जवळपास सगळीकडे उघडला जातो. चुकलेल्या प्रतीवरून बनलेला माल बाकीचं अंग बरीच वर्षं निभावून नेतं. मेंदूच्या एका भागातल्या पेशींना तो सोसत नाही. त्या हळूहळू झिजत जातात. झीज पुरेशी झाली की मग हातात दिसते."

"माझी कात्री पडते. टाका वाकडा जातो."

"बाई, माझ्या हातून काल चहाचा कप पडला. घाबरलेल्या माणसाचा हात थरथरतोच." त्यांनी भेटीच्या वेळा आणि फोन लिहिलेल्या कागदाची घडी तिच्या हातात दिली. "बहिणीला यायचं असेल तर मी आहे. यायचं नसेल तर तोही तिचा हक्क. मुलाचा विचार असेल तर आधी येऊन भेटली तर बरं, वाटा बऱ्याच आहेत. पण ओढून आणू नका."

ती रस्त्यावर आली. आनंद व्हायला हवा होता. झाला तो फक्त पायांना, ते भराभर चालत होते. डोक्यात एकच घुमत होतं: धाकटीचा हिशोब. मला नाही असं ऐकलं की ती स्वतःबद्दल काय ऐकेल? मला आहे. बाईंनी सांगितलेलं खुंटीबिंटीचं नंतर, आधी तर तिचा चेहराच विझेल. आणि हिशोब चुकला असं पटवलं, तरी हातात काय देणार तिच्या? अर्धीमुर्धी भीती.

त्यापेक्षा सांगावं, मला आहे.

हा विचार आला आणि ती कोपऱ्यावर थबकली. किती सोपं होतं. धाकटी रडेल, गळ्यात पडेल, आणि मग निश्चिंत होईल. खोटं वठवायला शिकायलाही नको होतं, बाबांचं सगळं तिनं जवळून बघितलं होतं. पुराव्याला वाकडी पट्टीही शिवता येत होती.

दुकानात मावशी काजांचा गठ्ठा बांधत होत्या. "आलीस? बँकेत काय रडायला गेली होतीस? डोळे बघ."

"वारा आहे बाहेर."

"वाऱ्याला आता रडवायचंही काम दिलं का?" मावशींनी पिशवी उचलली आणि त्या गेल्या.

थोरलीनं कोरी पट्टी घेतली. दोरा ओवला. चार टाके सरळ घातले, मग पाचवा मुद्दाम लांब, सहावा तिरका, आणि ओळ डावीकडे वळू दिली. तिनं पट्टी उजेडात धरली. तिसऱ्या वर्षीची बाबांची पट्टी तिच्या हातात होती. तीच लांबी, तोच झोल. खोटं बोलायला बसली आणि हात बाबांचाच निघाला.

खणातला डबा डोळ्यांसमोर आला. बाबा एकटे खिडकीशी बसून ओळ वाकडी होताना बघत होते, आणि घरात सांगत होते, डोळे थकलेत. कुणाला त्रास नको म्हणून. त्या मायेनं काय केलं होतं? दोन मुलींना मापाच्या वहीवरून आपापलं मरण वाचायला लावलं होतं. बाबांनी विचारलं असतं, बोलले असते, तर कुणीतरी खुंटीची गोष्ट तेव्हाच सांगितली असती. आणि उद्या धाकटीचं मूल, तेही खोट्या हिशोबावर जन्माला आलं असतं.

तिनं कात्रीनं पट्टीचे बारीक तुकडे केले आणि केराच्या डब्यात टाकले. हात थरथरत होता. थरथरू दे म्हणाली.

मग तिला रविवारची पायरी आठवली. धाकटीचा चुकलेला पाय. चौकटीला घट्ट धरलेली ती बारीक मनगटं, ते हसू. बोटांत सारखा फिरणारा खडू. पायरी कुणाचीही चुकते. खडू कुणीही फिरवतं. थोरली डोळे मिटून उभी राहिली, छातीत भीती दगडासारखी बसलेली, आणि या वेळी ती स्वतःसाठी नव्हती म्हणून तिच्याशी भांडताही येईना. देवा, एवढंच कर, मला शब्द नीट येऊ देत.

खुंटीवरून तिनं बाहीचा एक जुना खाका काढला. शेजारी दुसरा कागद ठेवून त्यावर तीच बाही आखली, पण काखेची वळणरेषा मुद्दाम चुकवली. दोन्हींची एकत्र गुंडाळी करून दोऱ्यानं बांधली. डोळे मिटून एक उचल, परत ठेव, पुन्हा उचल, असं दाखवता येईल. आकड्यांत रमणारी पोर, हातानं केलं की पटेल. बाईंनी दिलेली घडी पर्समध्ये टाकली. तो कागद हवा की नको हे तिला विचारायचं, आपण होऊन पुढे करायचा नाही.

घड्याळात साडेचार. आगाराची पाळी पाचला सुटायची.

तिनं दिवा बंद केला, गुंडाळी काखेत धरली, रोखलेला श्वास सोडला आणि आवाज होऊ नये म्हणून शटर दोन्ही हातांनी हळूहळू खाली ओढलं. बसची वाट न बघता ती आगाराच्या दिशेनं चालू लागली.