भाडेकरूचा निळा शर्ट

बाबांनी माझ्या जोडीदाराचं नाव कधी घेतलं नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं की सांगत, "पोराकडे भाडेकरू राहतो." हा भाडेकरू इस्पितळात नर्स आहे, माझ्याहून चांगला स्वयंपाक करतो आणि भाड्याचा छदामही देत नाही, हे मी त्यांना मुद्दाम कळवायचो. चिडवायची खोड माझी. दुखायचं मात्र मलाच.

बाबा शिंपी. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, पण नव्याकोऱ्या कापडात माझा जीव रमला नाही. मी लोकांच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या करतो आणि प्रदर्शनात त्या भिंतीवर टांगत नाही. खुर्च्या मांडतो. दमलेल्यानं बसावं, गोधडी अंगावर घ्यावी आणि हवं तर एक डुलकी काढावी.

या वेळच्या गोधडीत मधोमध बाबांचा चौकटीचा शर्ट होता आणि त्याला लागून माझ्या जोडीदाराचा, म्हणजे नर्सचा, निळा युनिफॉर्म. हे दोन तुकडे जोडताना माझा हात कचरला. कच्चा टाका घातला, पक्की शिवण नंतर घालू म्हटलं, आणि ते राहूनच गेलं. बाबांना मात्र आवर्जून बोलावलं. आम्हा दोघांना त्यांनी एकदा आपलं म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

ते प्रदर्शनाच्या हॉलमध्ये आले, खुर्चीत बसले. गोधडी मांडीवर ओढली, चष्मा सावरला, आणि त्यांचं बोट नेमकं त्याच जोडावर थांबलं. खिशातून छोटी कात्री काढून ते टाके कापू लागले. शेजारी उभ्या असलेल्या नर्सनं माझं मनगट घट्ट धरलं.

"बाबा, तो तुकडा राहू द्या ना."

"गप्प बस. कच्च्या टाक्यावर माल बाहेर काढलास? हेच शिकवलं का मी? सुई-दोरा दे."

मी दिला. पण त्यांना सुई ओवता येईना. नर्सनं हात पुढे केला. बाबा क्षणभर थांबले, मग सुई त्याच्या हातात दिली. ओवून झाल्यावर परत घेतली, दोन्ही कापडं दुमडली आणि बारीक, दुहेरी शिवण घालत गेले.

एका बाईंनी वाकून विचारलं, "हा निळा शर्ट कुणाचा हो?"

"आमच्या घरातल्याचा," बाबा म्हणाले आणि दातानं दोरा तोडला. "ओढा. उसवते का बघा."

बाईंनी ओढून पाहिली. नर्सनं ओढली. मग मी सगळा जोर लावून ओढली, आणि भर हॉलमध्ये खदाखदा हसलो. कुठे उसवतेय?