चिनी कवीच्या टेबलावरचं भांडं

ऑब्री डेव्हनिश यांना चीनबद्दल सगळं माहीत होतं. तरुणपणी त्यांची बोट हाँगकाँगच्या धक्क्याला लागली होती. पोट बिघडल्यामुळे ते खाली उतरले नव्हते, पण केबिनच्या खिडकीतून आपण बरंच पाहिलं, असं ते सांगत. उरलेला चीन त्यांच्या दिवाणखान्यातल्या काळ्या कपाटावर होता.

मी जिल्ह्याच्या संग्रहालयात रसायनांचं काम करते. वस्तू आत घेण्याआधी ती कशाची आहे, हे बघणं माझ्याकडे असतं. ऑब्री यांनी हे कपाट संग्रहालयाला देऊ केलं होतं. अट एकच: दालनाच्या दारावर डेव्हनिश घराण्याची पितळी पाटी लागली पाहिजे. त्या पाटीचा मजकूर त्यांनी आधीच पाठवला होता. घराण्याचं नाव त्यात एकदा होतं आणि त्यांचं स्वतःचं दोनदा.

दार त्यांच्या बहिणीने, हेस्टरने उघडलं. चिखलाने भरलेले बूट, केसात गवताची काडी. हिवाळ्यात वडील वारले, घर रिवाजाप्रमाणे भावाकडे गेलं, आणि म्हाताऱ्याचं शेवटपर्यंत सगळं करणारी हेस्टर आता फाटकाजवळच्या, माळ्याच्या रिकाम्या खोपट्यात राहायला जाणार होती.

बोळातच तिने मला थांबवलं. "पलंग मिळालाय, कोंबड्या माझ्याच आहेत. मी त्याच्याकडे तेवढं एक कपाट मागितलं. म्हणाला, ठेवणार कुठे, खुराड्यात?"

"तुम्हाला ते कशाला हवंय?"

"त्यावरचा एक माणूस गळ टाकून बसलाय. मी लहान होते तेव्हापासून त्याला मासा लागायची वाट बघतेय. आता अर्ध्यात कशी सोडू?" ती हसली, मग एकदम थांबली. "कपाट खरंच चीनचं निघालं, तर जाणार ना ते?"

"हो."

"आणि तुम्ही खोटं नाही सांगणार."

"नाही."

"चेहऱ्यावरून वाटलंच मला," ती म्हणाली आणि तिने दिवाणखान्याचं दार उघडलं.

ऑब्री चहा घेऊन तयारच होते. कपाट छातीएवढं उंच, सोनेरी पायांवर उभं. काळ्या पाटावर सोनेरी चित्रं. डाव्या दारावर तळं, पूल, छत्रीखाली गळ टाकून बसलेला माणूस आणि मागे मजल्यांवर मजले चढवलेला मनोरा. उजव्या दारावर झाडाखाली टेबल आणि त्याच्याशी बसलेले लांब मिशांचे दोन गृहस्थ.

"आमच्या एका पूर्वजाने कॅन्टनहून स्वतःच्या जहाजातून आणलं," ऑब्री म्हणाले. "हा मासेमारी करणारा साधू. मासा पकडण्यात त्याला रस नाही. चिनी मन असंच असतं, मिस प्रिडो. आपल्या लोकांना ते कळत नाही."

"त्याच्या पायात बकलांचे बूट आहेत," मी म्हणाले.

"साधूच्याही पायांना थंडी वाजते. आणि मनोऱ्याच्या टोकावर पाहा, फिनिक्स!"

"ऑब्री, तो कोंबडा आहे," हेस्टर म्हणाली. "आपल्या चर्चवरचा, वारा दाखवणारा."

"हेस्टरला सगळीकडे कोंबड्याच दिसतात," ऑब्री मला म्हणाले. "तुम्ही मनावर घेऊ नका. आता इकडे या. हे दोघे कवी. टेबलावर काय आहे बघा: शाईचं पात्र. बाजूला कप. म्हणजे मद्य आणि काव्य. या एका दारावर मी आमच्या क्लबात तासभर बोललो आहे."

क्लबातल्या लोकांची मला दया आली नाही. तासभर बसून त्यांनी ते ऐकलं होतं.

मी दाराच्या आतली, कुणाला न दिसणारी कड निवडली. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हलकेच फिरवला. बोळा तपकिरी झाला.

"हे लाखकाम आहे," मी म्हणाले. "लाख स्पिरिटमध्ये विरघळते. चीनचं रोगण झाडाच्या चिकाचं असतं. एकदा नीट वाळलं की असल्या बोळ्याला दाद देत नाही."

"मग चिनी माणसाने लाख वापरली असेल. त्यांच्या जवळच तर हिंदुस्थान आहे."

"आतली फळी ओकची आहे. इथल्या ओकची."

"लाकूड नेलं असेल जहाजातून. बाई, तुम्ही प्रयोगशाळेतून बघता. वस्तूकडे आत्म्यातून बघावं लागतं."

मी भिंग काढलं. आत्मा भिंगातून दिसत नाही, पण शाईचं पात्र दिसलं. तीन आखूड पाय, शिरस्त्राणासारखी पुढे आलेली चोच, मागे वळणदार मूठ आणि मुठीच्या वरच्या टोकाला एक छोटं पान. मी भिंग खाली ठेवलं आणि आमच्या समोरच्या चहाच्या ट्रेकडे पाहिलं.

"मिस्टर डेव्हनिश, हे दुधाचं भांडं तुमच्याकडे केव्हापासून आहे?"

"हे? अहो, पिढ्यान् पिढ्या. आमच्या खापरपणजीच्या सासूच्या आधीपासून. का? दूध हवंय?"

मी ते चांदीचं भांडं उचलून चित्राशेजारी धरलं. तीन पाय. तीच चोच. मुठीवर तेच पान.

हेस्टर आधी हसली. तिने तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांमधून बाहेर आलंच. "ऑब्री, तुझे कवी चहात दूध घालताहेत रे!"

"चीनमध्ये चहात दूध घालत नाहीत," मी म्हणाले. "जिने कुणी हे काढलं, तिला ते माहीत नव्हतं. तिला टेबल म्हणजे हे टेबल, तळं म्हणजे हे बाहेरचं तळं. त्या काळी मोठ्या घरांतल्या मुली हे काम हौसेने शिकायच्या. हे याच घरात रंगवलेलं आहे."

ऑब्री भांड्याकडे बघत राहिले. जन्मभर त्यांनी त्या चित्रासमोर बसून त्याच भांड्यातून दूध ओतलं होतं. मला वाटलं, आता हा माणूस लाजेल. लाजण्यासाठी जे लागतं ते त्यांच्याकडे नव्हतं.

"म्हणजे घरगुती," ते म्हणाले. भिंतीवर ओल आलीय म्हणावं, तसं. "कुणा लग्न न झालेल्या आत्याबाईंचा फावल्या वेळचा उद्योग. मला पहिल्यापासून शंका होतीच. रेषांमध्ये ते चिनी मन नाहीच." त्यांनी बुटाच्या टोकाने कपाटाचा पाय ढकलून पाहिला. "हेस्टर, तुला हवं होतं ना हे? जा घेऊन. आणि माळ्याला सांग, संध्याकाळच्या आत हलव. इथे मला रेडिओ ठेवायचाय."

हेस्टरने माळ्याची वाट पाहिली नाही. ती धावत बाहेर गेली आणि हातगाडी घेऊन आली. एका बाजूने तिने धरलं, दुसऱ्या बाजूने मी. ऑब्री यांनी आमच्यासाठी दार उघडं धरलं, आत गारवा येतोय अशी तक्रार करत.

पुढच्या वसंतात लंडनच्या एका गुळगुळीत कागदाच्या मासिकात जुन्या इंग्रजी घरांतल्या बायकांच्या लाखकामावर मोठा लेख आला. अशा वस्तू आता फार दुर्मीळ, त्यांत त्या काळच्या स्त्रियांचं मन दिसतं, असं त्यात लिहिलं होतं. त्याच आठवड्यात मी हेस्टरकडे बसले असताना ऑब्री ते मासिक काखेत मारून खोपट्यात आले.

कपाट खिडकीशी होतं. एका दाराआड कोंबड्यांचं खाणं, दुसऱ्याआड हेस्टरचे मोजे.

"खाणं! यात!" ऑब्री ओरडले. "अगं, ही आपल्या घराण्याची कला आहे. मी तर कायम म्हणत आलोय, हे काम अगदी इथल्या मातीतलं आहे. कळणाऱ्याला ते लगेच कळतं." मी समोर बसले होते, तरी ते असं म्हणाले. "रविवारी मासिकाची माणसं फोटो काढायला येताहेत. चित्रातलं भांडं आणि खरं भांडं, दोन्ही एका ठिकाणी हवीत. एवढं तर तुलाही पटेल?"

"पटलं की," हेस्टर म्हणाली. तिने गळवाल्या माणसावरची धूळ अंगठ्याने पुसली. "मग ते भांडं इकडे घेऊन ये. आणि येताना भरूनच आण, माझं दूध संपलंय."