सोडलेल्या पाखराला हाक

मेलिस नावाचा फोटोवाला बिश्केकहून आमच्या अभयारण्यात आला, तेव्हाच तो मला आवडला नव्हता. परवाना दाखवता दाखवता म्हणाला, "गरुड जवळ येतात ना? आकाशातला ठिपका टिपायला मी एवढा घाट चढून आलेलो नाही."

"ते गरुडांना विचारा," मी म्हटलं. मी इथली वनरक्षक आहे, गरुडांची दलाल नाही.

त्याचा वाटाड्या होता माझाच धाकटा भाऊ, नुरदिन. तो मध्येच हसला. "येतील हो साहेब. ताईचं मनावर घेऊ नका, तिला सकाळपासून कुणी भांडायला मिळालं नाही."

दुसऱ्या दिवशी मी दुर्बीण घेऊन घरट्याच्या कड्यासमोरच्या डोंगरधारेवर बसले होते. बर्फावरून येणारा वारा हाडं फोडत होता. कड्यावरच्या घरट्यात कराकोज अंड्यांवर बसली होती. ही गरुडाची मादी आमच्या वडिलांची. कितीतरी हिवाळे ती त्यांच्या मुठीवरून कोल्ह्यांवर झेपावली. मग, अंडी घालायचं वय निघून जायच्या आत, बाबांनी तिला सोडलं. शिकारी गरुडाला आमच्याकडे जन्मभर बांधून ठेवत नाहीत. आणि एकदा सोडलं की पुन्हा हाक मारत नाहीत. त्या दिवसापासून बाबा या कड्याकडे मान वर करून बघतही नाहीत.

तेवढ्यात खालून हाक आली. "केऽऽह! केऽऽह!"

हाक बाबांची, गळा नुरदिनचा. कराकोज उठली. तसल्या वाऱ्यात अंडी उघडी टाकून थेट खाली गेली आणि त्याच्या मुठीवर बसून मांस तोडू लागली. शेजारच्या छोट्या तंबूतून कॅमेरा कटकट वाजत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी घसरत, ठेचकाळत खाली पोचले.

"नुरदिन! अंडी गार पडताहेत, मेल्या!"

"ओरडू नकोस ताई, ती बिचकेल."

"बिचकू दे! बिचकायलाच हवी ती!"

मेलिसने तंबूतून डोकं काढलं. "बाई, जरा बाजूला होता का? उजेड फार सुंदर पडलाय."

"उजेड घाला चुलीत!"

माझ्या आरडाओरड्याने कराकोज उडून घरट्याकडे गेली. नुरदिनच्या हातात बाबांचा जुना चामडी हातमोजा होता. खुंटीवरून चोरलेला.

"उद्या साहेबांचे मित्र येताहेत, फोटो काढायला," तो पुटपुटला. मग एकदम उसळला, "ती मला ओळखते, ताई! अजून ओळखते! तिला सोडताना मला कुणी विचारलं होतं का?"

"म्हणून तिची पिल्लं अंड्यातच मारणार?"

त्याच्या थोबाडीत द्यायला माझा हात शिवशिवत होता. मेलिसचा परवाना मी तिथेच काढून घेतला, पण त्याने काय होणार? हाक मारली की ती येणार. आज कॅमेऱ्यापुढे आली, उद्या कुणाच्या बंदुकीपुढे येईल.

मी घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. "मला वाटलं, पोराला आठवण म्हणून हवा असेल," एवढंच बोलले आणि बूट चढवू लागले.

कड्याखालच्या घळीत पोचल्यावर त्यांनी नुरदिनच्या हातून मोजा घेऊन स्वतः चढवला. वाटेत खिशात दगड भरले होते, ते मी पाहिलं होतं. परवाना गेला तरी तिथेच ठाण मांडून बसलेल्या मेलिसला मात्र सण आल्यासारखं झालं. "काका, तुम्हीही बोलावता? थांबा हं, लेन्स बदलतो!"

बाबांनी हाक मारली. कराकोज आली, नुरदिनकडे आली होती त्याच्या दुप्पट वेगाने. बाबांनी तिला अगदी जवळ येऊ दिलं आणि दगड मारला.

तो चुकला. ती समोर उतरली, मान तिरकी करून त्यांच्या मुठीकडे बघत राहिली.

"जा!" बाबा किंचाळले. दुसरा दगड तिच्या खांद्यावर बसला. ती चिरकली, फडफडत वर गेली. तिसराही त्यांनी नेम धरूनच मारला.

कॅमेरा वाजतच होता. मी लेन्सवर पंजा ठेवून ती जमिनीकडे दाबली. "बंद कर. नाहीतर पुढचा दगड माझा."

कराकोज घरट्यात परतली. पंख धड होता. बाबा नुरदिनला म्हणाले, "मार आता हाक."

"बाबा, नको..."

"मार!"

त्याने रडत रडत घसा बसेपर्यंत हाका मारल्या. ती घरट्यात आणखी खाली दबली, जागची हलली नाही.

परतताना माझा राग आता बाबांवर निघाला. "हे काम मला सांगायचंत. नुरदिनला सांगायचंत. तुम्हीच का मारलात?"

बाबांनी मोजा काढून खिशात कोंबला. "तुम्ही मारला असतात," ते म्हणाले, "तर घाबरून ती माझ्याकडेच आली असती."